एक्केचाळीस हाका

रोज सहा तास मंद राहायचं. मंद तासाला शरीर पाव तासाइतकंच झिजतं. म्हणजे सोळा वर्षांत चार वर्षं मंद, त्यातली तीन निव्वळ शिल्लक. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या भालचंद्र सबनीसांनी हा हिशेब डॉ. ऋजुता हर्डीकरांच्याच कागदावर मांडून दाखवला होता, आणि मानेमागे तांदळाच्या दाण्याएवढा मंदक बसवून घेतला होता.

"लॅपटॉपसारखंच आहे, काका," डॉक्टर तेव्हा म्हणाल्या होत्या. "कोणी हात लावला नाही की पडदा मंद होतो, बॅटरी जास्त पुरते. मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण शक्ती खातो पाचवा. तुमचं लक्ष नसेल तेव्हा मंदक ती मागणी उतरवतो. तुम्ही बसाल, चहा प्याल, हं हं म्हणाल. आत कोणी नसेल एवढंच."

"मग फरक कळायचा नाही," सबनीसांच्या पत्नी शकुंतलाबाई म्हणाल्या होत्या.

"आणि जागं कशानं व्हायचं?" सबनीसांनी विचारलं.

"नावानं. कोणी तुमचं नाव घेतलं की लगेच जागे."

शकुंतलाबाई पदराआड हसल्या. सबनीसांना ती अट फार पसंत पडली. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

मालकाचं लक्ष कधी उडतं हे मंदक आपलं आपणच शिकत गेला. सकाळचं वर्तमानपत्र, बाजार, बुद्धिबळ यांना त्यानं हात लावला नाही. दुपारी चारला चहा घेऊन शकुंतलाबाई समोर बसल्या की तो सुरू व्हायचा, तो थेट दहापर्यंत.

आता सोळा वर्षांनी सबनीस पुन्हा डॉक्टरांसमोर त्याच खुर्चीत बसले होते. तेरावा कालच झाला होता. त्या दिवशी सव्वापाचला त्यांना जाग आली तेव्हा समोर गार चहा होता आणि स्वयंपाकघराच्या दारात शकुंतला पडलेली.

"ती शेवटी काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. "हा मंदक ऐकत असतो ना?"

"नावाची वाट बघत असतो, म्हणून ऐकतो. नोंद आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण काका, नका बघू."

"लावा."

पडद्यावर ओळी आल्या. चार एक्कावन्न: अहो. नाव नाही, सोडून दिलं. चार बावन्न: अहो, छातीत कसंतरी होतंय. नाव नाही, सोडून दिलं. चार त्रेपन्न: अहो, मला उठता येईना. अशा चाळीस ओळी.

"आमच्या प्रयोगशाळेत सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात," डॉक्टर खाली बघत म्हणाल्या. "घरात काकू तुम्हाला कशी हाक मारत असतील, हे सुचलंच नाही कुणाला."

सबनीसांना मात्र ते पहिल्याच दिवशी सुचलं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर शकुंतलेनं त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि घेणारही नव्हती. सहा तासांची खात्री त्यांना त्यावरच तर होती.

एक्केचाळिसावी ओळ सव्वापाचची होती. भालचंद्र. ओळख पटली, जागे केले.

"तीन वर्षं पूर्ण जमा आहेत तुमची," काहीतरी बोलायचं म्हणून डॉक्टर म्हणाल्या.

सबनीसांनी सवयीनं कागद पुढे ओढला. त्यांची चार वर्षं पाव दरानं झिजली होती. त्याच चार वर्षांत समोर बसून बोलणारी शकुंतला तासाला पूर्ण तास झिजत होती.