पाट्यावरचा दगड

त्या साली गिरण्यांच्या संपामुळे जयवंत घरी बसला होता, आणि वाकोल्याच्या चाळीतलं त्याचं बिऱ्हाड बायकोच्या, शेवंतीच्या पगारावर चाललं होतं. शेवंती भारी फटकळ. सासूने, रुक्मिणीबाईंनी, देव्हाऱ्यातल्या दगडाचं नाव काढलं की हिचं डोकं फिरायचं.

दगड काळा, लांबट, गुळगुळीत. कोकणातून आलेला. मराठ्यांच्या आरमाराच्या काळापासून म्हणे घरातली एक बाई तो राखायची, आणि गलबतं कुठे अडकली ते त्यात बघून सांगायची. आता लोक दुबईला गेलेल्या पोरांचं विचारायला यायचे. वर्सोव्याच्या सुंदराबाईचा बेपत्ता नवरा रुक्मिणीबाईंना असाच वेरावळ बंदरात दिसला, आणि तिथेच सापडला. खोटं तरी कसं म्हणणार? पण फुकट काही नव्हतं. राखणारीचे डोळे हळूहळू विझायचे. रुक्मिणीबाईंना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

शेवंतीने लग्न झाल्या झाल्याच दगड राखायला नकार दिला होता. म्हणून पाळी आली तिच्या मुलीवर, मीरावर.

"अवसेक चेडवाक दगडापुढे बसवूचा," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"माझ्या पोरीचे डोळे काय रस्त्यावर पडलेत?"

"राखूक कोण नसला तर तो गप रवाचो नाय गो."

जयवंत आईपुढे शेपूट घालून बसला होता.

अवसेच्या सकाळी रुक्मिणीबाईंनी मीराला न्हाऊ घालून पाटावर बसवलं. शेवंतीने पोरीला उठवून शेजारी धाडलं, दगड उचलला आणि सरळ पाट्यावर आणून ठेवला. वरवंट्यासारखा हातात बसला मेला. भिजवलेल्या मिरच्या तिने मूठभर टाकल्या.

"फार बघतोस ना? घे!"

वाटण झकास होत होतं. दगड मात्र तापलेल्या पोराच्या कपाळाएवढा गरम लागत होता.

मग कुणाला तरी ठसका लागला.

शेवंतीने मागे बघितलं. दारात कुणी नव्हतं. तिने पुन्हा हात फिरवला. पुन्हा ठसका. म्हातारीचा. हाताखालून.

रुक्मिणीबाई भिंत धरत आल्या. तोंड पांढरंफटक.

"थांब गो. ती माझी सासू आसा."

शेवंतीच्या अंगावर सरसरून काटा आला. हात थांबला नाही.

"मग त्यांना सांगा, मीरा मिळायची नाही."

त्या वाटणाची आमटी सगळे जेवले. दगड पाट्यावरच राहिला. विचारायला येणाऱ्यांना शेवंती दारातूनच वाटेला लावायची. मीराच्या डोळ्यांना काहीही झालं नाही.

दिवाळीनंतर रुक्मिणीबाई गेल्या. सुतक फिटल्यावर शेवंती पुन्हा वाटायला बसली. मीरा शाळेत होती. चाळ दुपारची पेंगत होती.

या वेळी ठसका आला नाही.

"शेवंती," हाताखालून हळूच आवाज आला, "माका मीराक एकदा बघूक दी गो. हय खूप काळोख आसा."

शेवंतीला रडू फुटलं. बाळंतपणात याच बाईने तिला फुलासारखं जपलं होतं.

तिने पदराने डोळे पुसले, आणि आणखी एक मूठ मिरच्या पाट्यावर टाकल्या.