सेटिंग कुणी बदललं?

सकाळी छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत पहिलाच फोन रक्तपेढीचा आला. रक्ताच्या पिशव्यांवरची लेबलं छापणारा कंपनीचा प्रोग्रॅम बंद पडला होता. लेबलाशिवाय एकही पिशवी हॉस्पिटलात जाणार नव्हती.

"काल सर्व्हरवर पॅकेजं कुणी टाकली?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी," नवी प्रोग्रॅमर म्हणाली. "पण माझ्या प्रोजेक्टसाठी. लेबलांना हातही लावला नाही."

"तरी बंद पडलंच ना? रक्तपेढीची माफी माग."

"जे केलं नाही, त्याची माफी मागणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे."

ती कामाला लागली. पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारे तयार कोडचे संच, सांभाळणारं टूल तिच्या लॅपटॉपवर प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतंत्र कप्पा, बनवायचं; एकाची पॅकेजं दुसऱ्याच्यात मिसळत नसत. सर्व्हरवर मात्र सगळं सगळे प्रोग्रॅम चालवणाऱ्या एकाच सामाईक पायथॉनमध्ये जाऊन पडलं होतं. तिनं टूलचं सेटिंग उघडलं. 'एन्व्हायर्नमेंट बनवा' बंद होतं.

बंद कुणी केलं? सर्व्हरवर शिरायचं खातं एकच, त्यामुळे नोंदीत कुणाचं नाव दिसत नव्हतं. पासवर्ड तिच्याखेरीज फक्त दादांकडे. ते ऑफिसातले सर्वांत जुने.

"दादा, सर्व्हरवर शेवटचे कधी गेला होता?"

"झाले की दोन-तीन महिने."

"सेटिंग बदललं होतं?"

"मी कशाला बदलू? तिथं आधीच जागेची मारामार, त्यात तू आणखी पॅकेजं कोंबलीस."

डिस्कच्या वापराचा आलेख उघडून तिनं स्क्रीन मालकीणबाईंकडे वळवली.

"आज डिस्क अर्धी रिकामी आहे. दोन-तीन महिन्यांपूर्वीही होती. भरली ती फक्त गेल्या आठवड्यात, आणि दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली. कुणीतरी जागा करायला सगळी एन्व्हायर्नमेंटं उडवली, पुन्हा बनू नयेत म्हणून सेटिंग बंद केलं आणि लेबलांची पॅकेजं सामाईक पायथॉनमध्ये टाकली. काल मी टाकलेल्या पॅकेजाच्या नव्या आवृत्तीनं लेबलांना लागणारी जुनी आवृत्ती पुसली. जागेची मारामार एकाच दिवसाची, अन् ती सर्व्हरवर गेल्याशिवाय दिसत नाही. दादांना कशी कळली?"

दादांनी चष्मा काढला. "घाईत होतो गं. वाटलं, काही बिघडणार नाही."

"मग सकाळी मला बोलणी बसत होती, तेव्हा गप्प का बसलात?"



तिनं सेटिंग चालू केलं आणि लेबलांचं एन्व्हायर्नमेंट नव्यानं बनवायला घेतलं.

"जाऊ दे आता," मालकीणबाई हलकेच म्हणाल्या. "वयानं मोठे आहेत."

"म्हणूनच त्यांनी स्वतः सांगावं," ती मान वर न करता म्हणाली.

दादांनी रक्तपेढीचा नंबर फिरवला.