वरच्या दोन दातांचा रंग

खरं प्रेम माणसाच्या अंतःकरणावर जडतं, बाह्य रूपाशी त्याला काही देणंघेणं नसतं. तिचं प्लास्टरच्या जबड्यावर जडलं.

जबडा मंगळवारी सकाळी आला. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता आणि वर, गिरमिटाच्या घरघरीत, दात बनवायची लॅब. डॉक्टरीणबाई तोंडाचं माप घेऊन वर पाठवायच्या, आणि ही त्यावरून दात घडवायची. बारा वर्षांत तिने शेकडो लोकांच्या तोंडात आपलं काम बसवलं होतं. त्यांतला एकही माणूस पाहिला नव्हता. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘पुरुष, वय तेहतीस. वर समोरच्या मोठ्या दातांच्या दोन्ही बाजूंचा एकेक दात जन्मतःच नाही.’

“किती नीटस जबडा आहे बघा, काका!”

“प्लास्टर आहे,” काका म्हणाले. काका लॅबमधले जुने कारागीर. तीस वर्षं कवळ्या घासून घासून त्यांचा मनुष्यजातीवरचा विश्वास बराच झिजला होता.

तेवढ्यात दार ढकलून एक जण आत डोकावला. तोंडावर हात.

“दवाखाना...? काल तर इथेच होता.”

“खाली. तुम्ही एक मजला जास्त चढलात.”

तो वळला आणि वळता वळता थबकला. “अहो, तो... माझा आहे का?”

तिने जबडा पदराआड करावा तसा ॲप्रनआड केला. “कशावरून?”

“त्या दोन फटींना मी सातव्या वर्षापासून ओळखतो.”

परक्या माणसाचा फोटो निरखताना त्यानेच पकडावं, तशी ती लाजली. मग बसा म्हणाली. त्याला बसायला स्टूल दिलं, आणि काकांनी भुवई वर केली.

“दुधाचे दात पडले,” तो हाताआडून सांगू लागला. “आई म्हणाली, येतील. आजी म्हणाली, येतील. बारा वर्षांचा होईपर्यंत अख्खं घर वाट बघत होतं, पाहुणे यायचेत तशी. शेवटी एक्स-रे काढला, तर आत कोंबच नाहीत! वडिलांनाही नव्हते. आत्याला एक नव्हता. घराण्याचा वारसा म्हणून माझ्या वाट्याला एवढंच आलं.”

“आणि तुम्ही करता काय?”

“पासपोर्टचे फोटो काढतो.”

ती बघत राहिली. जिथे कुणी हसायचंच नसतं, असा धंदा या माणसाने शोधून काढला होता.

“मग आता दात कशाला?”

“भाची आहे, चार वर्षांची. परवा पाहुण्यांसमोर म्हणाली, माझ्या मामाला हसता येत नाही. घरी जाऊन आरशासमोर बसलो, तर... खरंच येईना हो. सवयच गेलीये.”

गिरमिट बंद होतं. काकांनी उगाचच सुरू केलं.

“डॉक्टरांनी चार वाटा सांगितल्या,” तो म्हणाला. “तारा लावून फट बुजवायची, तर सुळे पुढे येणार आणि भाची घाबरणार. काढघालीची प्लेट आहे. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू, पण दातच नव्हते म्हणून तिथलं हाड चिंचोळं राहिलंय. आणि पूल बसवायचा, तर शेजारचे चांगले दात घासायचे.”

“पाचवी आहे. शेजारच्याला न घासता मागून पातळ पंख चिकटवायचा. दात त्याच्या आधाराने उभा राहतो.”

“आणि निघाला तर?”

“तर परत यायचं.”

“...पाचवी चालेल.”

मग रंग जुळवायचा होता. सोळा छटांचे खोटे दात पंख्यासारखे लावलेली पट्टी घेऊन तिने त्याला खिडकीशी उभं केलं. “हात काढा.” त्याने काढला. लहान मुलाने झाकलेलं काहीतरी दाखवावं तसा, हळूच. ती जवळ झुकली. पहिला नमुना पिवळट. दुसरा निळसर. तिसरा धरला आणि जुळला. असा जुळला की पुढचे तेरा बघायची गरजच नव्हती. तो श्वास रोखून तिच्या पापण्यांकडे बघत होता.

“नाही जुळत,” ती म्हणाली. “सकाळी अकराचा उजेड लागतो. उद्या याल?”

तो आला. परवाही आला. नमुने फिरत राहिले, गप्पा वाढत गेल्या. चौथ्या दिवशी काका म्हणाले, “सोळा नमुने आहेत, बाई. सोळाही दिवस चालवणार?”

दात बसला की माणूस जातो, एवढं तिला माहीत होतं. हा मात्र राहावा असं वाटत होतं. पण कुठे तरी एक चार वर्षांची पोरगी मामाच्या हसण्याची वाट बघत होती. पाचव्या दिवशी तिने दोन दात घडवले, शेजारच्या दातावरचा बारीक पांढरा ठिपकासुद्धा त्यांवर उतरवला, आणि खाली पाठवून दिले.

दात बसवायच्या दिवशी ती खाली गेली नाही. रिकामा जबडा समोर ठेवून बसली. अकराला दार ढकललं गेलं.

“रंग जुळलाय,” तो म्हणाला.

“हो? छान.”

“पहिल्याच दिवशी जुळला होता. तिसरा नमुना.”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “तुम्हाला काय कळतंय...”

“चेहरे बघूनच पोट भरतो मी. तिसऱ्या नमुन्याला तुमची पापणी लवली नव्हती.”

“मग रोज जिने कशाला चढलात?”

“तुम्ही उद्या याल का विचारत होतात. मला... कुणी विचारत नाही तसं.” आणि तो हसला. हात न लावता, सगळे दात दाखवून, जरा वेंधळा, सराव नसलेल्या माणसासारखा.

“हसू नका ना,” ती म्हणाली.

“का? दिसतंय वाईट?”

“मला काही सुचत नाही त्याने.”

“मग उद्या येऊ?”

“उद्या कशाला? आता इथेच आहात ना.”

काका कवळी तिथेच ठेवून चहाला गेले. त्यांना चहा आवडत नव्हता.

लग्नाच्या नोंदणीसाठी दोघांचा फोटो त्यानेच स्वतःच्या स्टुडिओत टायमर लावून काढला. दोघं खळखळून हसत होते. भाचीने तो पास केला. नोंदणी कार्यालयाने परत पाठवला. अर्जावरच्या फोटोत दात दिसलेले चालत नाहीत.