हॉलपेक्षा मोठा टीव्ही

तो आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता, आणि मी त्याला गिऱ्हाईक समजले.

समजणारच! शोरूम उघडल्यावर जो पहिला माणूस आत येईल त्याला सोडायचं नाही, हा माझा नेम. मी त्याला डोकं पुसायला कागदी रुमाल दिले, माझ्या टीव्हींच्या भिंतीसमोर उभं केलं आणि सुरू झाले. रंग कसे दिसतात, आवाज कसा घुमतो, बिघडला तर माणूस घरी येतो की आपल्याला खेटे घालावे लागतात... तो सगळं मन लावून ऐकत होता. मधूनच "अरे वा!" म्हणत होता. केसांतून पाणी गळत होतं आणि डोळे असे काही हसत होते की वॉरंटी सांगताना मी दोनदा अडखळले.

"मग, पॅक करायला सांगू?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला, "पण तुम्ही इतकं छान सांगता ना, की मला माझ्याच नोकरीची काळजी वाटायला लागलीय."

आणि त्यानं पिशवीतून काळा टी-शर्ट बाहेर काढला. त्यावर समोरच्या भिंतीवरच्या कंपनीचं नाव होतं.

आमच्या धंद्यात असंच असतं. टीव्ही विकायला उभी असलेली माणसं शोरूमची नसतात, ज्या त्या कंपनीची असतात. पगार कंपनीचा, टी-शर्ट कंपनीचा, दिवसभर गुणगान कंपनीचं. माझा टी-शर्ट नारिंगी. माझे टीव्ही साधे, खिशाला झेपणारे, दोन-चार वर्षं जपून वाचवलेल्या माणसाला हायसं वाटावं असे. समोरच्या भिंतीवर भारीतले. त्यांच्यासमोर उभी राहिली की माणसं उगाचच आवाज खाली करून बोलतात.

"म्हणजे इतका वेळ तुम्ही माझी गंमत बघत होतात?"

"बघत होतो. टीव्हीकडे काही लक्ष नव्हतं..."

असा चावट! मला राग यायला हवा होता. आला नाही, याचंच मला दिवसभर नवल वाटत राहिलं.

महिनाभरात तो मला 'बजेट' म्हणायला लागला आणि मी त्याला 'प्रीमियम'. मॅनेजरच्या कानावर गेलं असतं तर दोघांचीही खरडपट्टी निघाली असती. दिवसभर आम्ही समोरासमोर. मध्ये एक रुंद वाट, त्या वाटेवरून गिऱ्हाइकं आणि त्यांच्या डोक्यांवरून त्याच्या भुवया... एखादं म्हातारं गिऱ्हाईक रिमोट उलटा धरून "हा चालतच नाही" म्हणायला लागलं की त्याची डावी भुवई वर जायची आणि मला हसू दाबता दाबता खोकला यायचा.

शिवाय आम्ही गिऱ्हाइकं एकमेकांकडे सरकवायचो. हे कुठल्याच कंपनीनं शिकवलेलं नव्हतं. त्याच्याकडे एखादं जोडपं भाव ऐकून गप्प झालं, की तो अगदी सहज म्हणायचा, "समोर बघून या एकदा, त्या मॅडम नीट समजावतात." आणि माझ्याकडे कुणी 'अजून भारी काही?' म्हणालं, की मी त्याच्याकडे बोट दाखवायची. आम्ही दोघंही आपापल्या कंपनीशी बेइमान होतो आणि त्यात भलतेच खूश होतो.

दुपारी डबा खायला आम्ही गोदामात बसायचो, रिकाम्या खोक्यांवर. तिथेच त्यानं मला त्याचं घर सांगितलं. म्हणजे अक्षरशः सांगितलं, खोक्यावर बोटानं रेघा ओढून. हॉल कसा चिंचोळा आहे, सोफा या भिंतीला, टीव्ही त्या भिंतीला, आणि बाबांनी पाय लांब केले की अंगठा थेट टीव्हीच्या कपाटाला लागतो. आईला लखलखाट सोसत नाही, लगेच अर्धं डोकं उठतं.

"आणि मी कुठे बसणार?" माझ्या तोंडून निघून गेलं.

रेघांच्या मधोमध त्यानं बोट टेकवलं.

"इथे... माझ्या शेजारी. चालेल?"

बाहेर पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. "काय?" मी म्हटलं. मला नीट ऐकू आलं होतं, पण पुन्हा ऐकायचं होतं. त्यानं माझ्या कानाशी येऊन पुन्हा विचारलं. मी त्याच्या डब्यातला शेवटचा घास खाऊन टाकला आणि म्हटलं, "चालेल."

इतकी सुखात मी त्याआधी कधी नव्हते. हे मी आज कितीही चिडले तरी नाकारणार नाही.

मग ठरलं असं की त्याची आई आणि ताई रविवारी शोरूममध्ये येणार. घरचा टीव्ही जुना झालाच होता. टीव्ही बघायच्या निमित्तानं आई मला बघणार. हे सगळ्यांना माहीत, पण कुणीच बोलायचं नाही. त्यानं मला नीट पढवलं, "तू मला ओळखत नाहीस. तू फक्त टीव्ही दाखव. आई माणूस बरोबर ओळखते."

त्या दिवशी मी नारिंगी टी-शर्टला दोनदा इस्त्री केली. त्याची आई आली, अंगानं बारीक, नजर धारदार. मागे ताई. आईनं आधी मला पायांपासून केसांपर्यंत पाहून घेतलं आणि मग टीव्हीकडे वळल्यासारखं केलं. समोरच्या भिंतीपाशी तो छताकडे बघत उभा होता, जणू छतच विकायला आणलंय.

सुरुवात छान झाली. ताई हसली. आईनं माझं शिक्षण विचारलं, टीव्हीचं विचारावं तसं. मग तिनं समोरच्या भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या टीव्हीकडे बोट केलं.

"तो कसा आहे?"

दुसरी कुणी बाई असती तर मी तिला खुशाल तिकडे पाठवलं असतं. पण ही माझी होणारी सासू होती. तिला फसवून कसं चालेल? मनातल्या मनात मी त्या घरात कधीच राहायला गेले होते. त्या हॉलमध्ये मीही बसणार होते की! मी घरच्या माणसासारखं बोलून गेले.

"काकू, तो नका घेऊ. तुमच्या हॉलला फार मोठा होईल. सोफ्यावरून काकांचे पाय टीव्हीच्या कपाटाला लागतात ना? इतक्या जवळून बघवणार नाही. आणि तुमचं डोकं उठेल त्या झगमगाटानं. त्यापेक्षा हा घ्या, घराला शोभेल."

ताईचं हसू गेलं. आईची पर्स एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

"आमच्या घराची मापं काढून ठेवलीस वाटतं?" ती हळू आवाजात म्हणाली. "पाय कुठे लागतात तेसुद्धा? आणि आम्हाला काय शोभतं, हे तू ठरवणार?"

"नाही हो काकू, मला तसं नव्हतं..."

मी समोर पाहिलं. त्याच्याकडे. एकच वाक्य लागत होतं — 'आई, हे मीच तिला सांगितलं, आणि ती खरं बोलतेय.' वाट ओलांडून यायचं आणि एवढं बोलायचं.

तो आला. वाट ओलांडून आलासुद्धा. चेहऱ्यावर ते गिऱ्हाइकाचं हसू होतं.

"या मॅडम, तुम्ही इकडे या," तो स्वतःच्या आईला म्हणाला. "मनावर घेऊ नका. यांना हलकं गिऱ्हाईक बघायची सवय झालीय, सगळ्यांना त्याच मापानं मोजतात."

हे तो माझ्याबद्दल म्हणाला. माझ्यासमोर.

आईचा चेहरा उजळला. तिनं तो सगळ्यात मोठा टीव्ही घेतला. बिल होईपर्यंत मी माझ्या भिंतीवरची धूळ पुसत होते. धूळ नव्हतीच. जाताना ताई माझ्याजवळ क्षणभर रेंगाळली, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तिला आईनं हाक मारली.

मला रडू नाही आलं. लाज वाटत होती, आणि कशाची ते कळत नव्हतं.

दोन दिवसांनी, टीव्ही घरी लागल्यावर, तो गोदामात आला. खोक्यावर बसला, माझ्यासाठी चहा आणला होता.

"चिडलीस? अगं, आईचा पारा चढत होता. सांभाळून घ्यायला हवं होतं ना? आता ऐक. ती म्हणते, मुलगी हुशार आहे, पण आपल्याला कमी लेखते. तू एक फोन कर. 'चुकलं माझं' म्हण. लगेच विरघळेल बघ."

"हॉलचं मला कसं कळलं, हे विचारलं नाही त्यांनी?"

तो चहात फुंकर मारत बसला.

"विचारलं..."

"मग?"

"मी म्हटलं, तिनं अंदाजानं ठोकून दिलं असेल. आता घरातलं बाहेर सांगतो म्हणून मी ओरडा खायचा का? तुझं काय जातंय त्यात? एका शब्दानं मिटतंय सगळं."

माझं काय जात होतं, ते त्याला खरंच दिसत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. तेच हसरे डोळे, ज्यांच्यापायी मी वॉरंटी विसरले होते. मला त्याचा हात धरावासा वाटला, इतकं सगळं होऊनही.

"टीव्ही कसा वाटतोय घरात?" मी विचारलं.

"झकास!" तो म्हणाला, आणि मग जरा ओशाळून हसला. "जवळून आईच्या डोळ्यांना त्रास होतो. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बघते. बाबा मांडी घालून बसतात आता."

"आणि तुम्ही सगळे काय म्हणता?"

"काय म्हणणार? छान दिसतोय म्हणतो. आई खूश आहे ना, बास."

मला तो हॉल दिसला. भिंतभर टीव्ही, मांडी घालून अवघडलेले बाबा, दारातल्या खुर्चीत डोळे किलकिले करणारी आई, आणि सगळेजण छान, छान म्हणताहेत. तिथे सोफ्यावर त्याच्या शेजारी मीही होते, आणि मीही छान म्हणत होते.

"मी फोन करणार नाही," मी म्हटलं.

"एका टीव्हीवरून?"

"नाही रे. तू समोर होतास म्हणून. तिथे उभा होतास, सगळं ऐकत होतास, आणि आलास तो माझाच पाणउतारा करायला आलास."

"बजेट, असं काय करतेस..." त्यानं माझ्या हातातला कप बाजूला ठेवला. "लग्न झाल्यावर मी आहे ना तुझ्या बाजूनं."

"लग्नानंतर कशाला? आत्ता कर आईला फोन. सांग, मीच सांगितलं होतं."

त्यानं फोन काढला. खरंच काढला. त्याचा अंगठा आईच्या नावावर गेला आणि तिथेच राहिला. मी त्या अंगठ्याकडे बघत होते. देवाशपथ सांगते, त्यानं दाबलं असतं तर मी सगळं विसरले असते. आईची माफीसुद्धा मागितली असती, हसत हसत.

बाहेरून मॅनेजरची हाक आली. भारीतल्या भिंतीपाशी गिऱ्हाईक उभं होतं.

त्यानं फोन खिशात घातला. त्याला सुटल्यासारखं झालं, ते मला स्पष्ट दिसलं. "आलोच," तो म्हणाला, टी-शर्टची कॉलर नीट केली आणि गेला. तो परत आला नाही, आणि मीही चहा संपेपर्यंतच वाट पाहिली.