उशिरा येणारे किडे

“अहो, तो शेणाचा पो उचलू नका. माझा आहे.”

शेणावर असा हक्क सांगणारी मुलगी सहदेवने जन्मात पाहिली नसावी. फावडं तसंच धरून तो बघत राहिला... आणि क्षमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चौऱ्याऐंशीचा श्रावण होता. मरोळपलीकडच्या तबेल्यामागच्या माळावर ती एमेस्सीच्या प्रबंधासाठी शेणकिडे मोजायला आली होती. तो तिथल्या म्हशींची दुखणीखुपणी बघायचा.

घाटकोपरहून ती रोज यायची. एकाच पोवर सात दिवस कोण कधी येतं ते मोजायचं. एक दिवस चुकला तरी सगळं फुकट. आधी गोळेवाले — शेण ताजं असतानाच गोळा करून मागच्या पायांनी ढकलत पसार होणारे. मग खालीच बीळ खणून शेण आत नेणारे. आणि वर पापुद्रा धरला, की आतच बिऱ्हाड थाटणारे बारके. प्रत्येकाची वेळ वेगळी, रीत वेगळी, म्हणून एका पोवर सगळ्यांचं भागतं, असं तिने त्याला समजावलं. तिसऱ्या दिवशी तो तिच्यावर छत्री धरून उकिडवा बसलेला, आणि अहोजाहो संपलेलं.

“तू यातला कुठला रे?”

“सगळ्यात शेवटचा. उरलंसुरलं मिळालं तरी खूश.”

“आणि तोवर काही उरलंच नाही तर?”

त्याने हसून छत्री तिच्याकडे आणखी सरकवली. क्षमाचा जीव मात्र थाऱ्यावर राहिना. रविवारी, नेमक्या सातव्या दिवशी, चेंबूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. शनिवारी हे सांगितल्यावर तो काहीतरी बोलेल, निदान चिडेल तरी... पण शहाण्याने वही मागून घेतली. उद्याचं मी मोजतो, मॅट्रिक झालोय, मोजता येतं मला, म्हणाला. घरी जाऊन ती भावावर उगाच खेकसली.

रविवारी पोह्यांची फोडणी तडतडत असतानाच तिने आईला सांगून टाकलं, की मला नाही दाखवून घ्यायचं. वडिलांनी आकांडतांडव केलं. पायात चपला सरकवून ती निघाली, ती थेट माळावर.

सहदेव पोजवळच बसला होता. तिने वही ओढून घेतली. सकाळपासूनचे सगळे रकाने कोरे.

“एकही नाही मोजलास?”

“बसलो होतो गं मोजायला... पण नजर घड्याळावरच. आता आले असतील, आता तू चहा घेऊन बाहेर आली असशील —” त्याने घड्याळ बाहीखाली ढकललं. “तुझ्या कामाची वाट लावली मी. माझं प्रेम आहे तुझ्यावर, क्षमा. कालच बोलायला हवं होतं.”

आठवडाभराची मेहनत पाण्यात. दुसऱ्या कुणाला तिने सोलून काढलं असतं. ती त्याच्या शेजारी ओल्या गवतात बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

“उद्यापासून परत पहिल्या दिवसापासून मोजू,” ती म्हणाली. “पण आधी आत्ता घरी चल. बाबा भडकलेत.”

“भीती वाटते गं.”

“मलाही,” म्हणत तिने त्याचा शेणाने बरबटलेला हात धरला.