मोटर नको

जुन्या लोखंडाच्या दुकानात एकाच दांड्यावर दोन हात पडले... एक माझा, एक त्याचा.

"आधी मी पाहिला," मी तमिळमध्ये ठणकावलं. तो सोडेना, तेव्हा मराठीत पुटपुटले, "काय हट्टी मनुष्य हा!"

"हट्टी नव्हे हो, गरजवंत," तो मराठीतच म्हणाला.

माझी चांगलीच फजिती झाली. तंजावरात आपल्या घरची भाषा अशी भंगाराच्या ढिगात भेटेल, हे कुणाच्या ध्यानीमनी असतं? श्रीकर त्याचं नाव. पापनाशमला मोटर दुरुस्तीचं दुकान. मी सांगितलं, आजोबांची लाकूडकामाची लेथ बंद पडलीय, तिच्या चाकाला दांडा हवाय. नवरात्रीत कोलूपुढे, म्हणजे बाहुल्यांच्या आरासीपुढे मांडायला लाकडी भातुकली घडवायचीय.

त्यानं दांडा सोडला. "पण मी लेथ पाहायास येईन. चालेल ना?"

आला... आणि दर रविवारी येतच राहिला. आम्ही गंज घासायचो, तेल द्यायचो, भांडायचो. काळ्या बोटांनी नाक खाजवायची त्याला सवय, आणि नाकावर काळं लागलंय हे मी सांगायची नाही. अम्मा कॉफी आणायची, अप्पा पेपराआडून बघायचे. चाकाचा पट्टा कुठं मिळेना, तर तिरुवैयारूच्या मृदंग करणाऱ्याकडून त्यानं चामड्याचा पट्टा करून आणला.

लेथ सुधारत चालली तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. ती चालू झाली, की हा माणूस येणार कशाला? काम फत्ते होताना रडू येणारी मीच एक वेडी!

अखेर एका रविवारी पट्टा चढला. ही लेथ दोघांनी चालवायची. एकानं मोठं चाक हातानं फिरवायचं, दुसऱ्यानं पटाशी धरायची. श्रीकरनं चाक फिरवलं, मी फणसाच्या लाकडाला पटाशी लावली. पिवळ्या ढलप्या उडाल्या आणि इवलंसं मडकं हातात आलं. मी ओरडलेच आनंदानं.

तेवढ्यात त्यानं पिशवीतून विजेची मोटर काढली. "ही बसवतो. मग तुम्हास कोणी नको, कीर्तना. एकटीनं होईल सगळं." माझ्याकडे न बघताच बोलला.

"नको."

"कां? चाक फिरवून हात दुखेल."

"दुखू दे."

"कोणाचा?"

"तुमचा!"

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. आता मागं सरले असते तर जन्मभर चडफडत बसले असते.

"मोटर बसली, तर तुम्ही येणार नाही," मी म्हटलं. "मज मोटर नको. मज तुम्ही हवे आहात."

त्यानं हळूच मोटर पुन्हा पिशवीत ठेवली. "केव्हाची तयार होती ही..." तो म्हणाला. "आणायास मनच होईना. आज काम सरलं, आता न आणून काय करू?"

मी ओढणीच्या टोकानं त्याच्या नाकावरचं काळं पुसलं.

"हे कधीपासून?"

"पहिल्या रविवारापासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्ही तरी मोटरीचं कुठं सांगितलंत?"

तो हसत हसत चाकाकडे वळला. मी लाकडाचा दुसरा तुकडा चढवला.