यादीत खुर्ची एक

आमची पहिली भेट झाली ती एका बंद दारासमोर. मी कंपन्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी कार्यालयातली तपासनीस, तो त्या कंपनीच्या वकिलाचा सहायक. आमच्या कार्यालयाला कागद जप्त करायचा अधिकारच नाही, असं म्हणत कंपनी कोर्टात गेली होती. निकालापर्यंत दफ्तराची खोली सीलबंद. दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाने रोज अकराला येऊन सील तपासायचं आणि वहीत सही करायची.

"म्हणजे रोज तुमचं तोंड बघायचं?" मी म्हटलं.

"बघण्यासारखं आहे, असं आई म्हणते."

मेला! हसू दाबताना माझी पुरेवाट झाली. मनातल्या मनात मी त्याचं नाव ठेवलं 'विरुद्ध पक्ष'.

दाराच्या वीतभर काचेतून टेबल दिसायचं, आणि भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची. सील लावताना केलेल्या यादीत आम्ही दोघांनी लिहिलं होतं, खुर्ची एक. खोलीला खिडकी नव्हती, दुसरं दारही नव्हतं. बाहेर पॅसेजमध्ये तर टेकायलाही जागा नव्हती.

"इथे एक खुर्ची हवी होती," मी कुरकुरले.

"दोन..." तो म्हणाला, आणि लाल झालेल्या कानांनी त्याने वहीत डोकं घातलं.

नवव्या दिवशी खुर्चीचं तोंड दाराकडे होतं.

लाखेचं सील जसंच्या तसं. आत कुणी नव्हतं, पण कुणीतरी आमच्याकडे बघत होतं, आणि तेही मायेने. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"लिहू नका," तो कुजबुजला. "आमचे वकीलसाहेब कोर्टात म्हणतील, तुम्हीच सील फोडलं. तुमची केस बुडेल, नोकरीचंही कठीण."

"मग तुमचं फावलंच की!"

"हो ना... पण मला ते नकोय."

तरी मी लिहिलं. दिसलं ते लिहायचं नाही, तर मी कसली तपासनीस? त्याने वही ओढून खाली लिहिलं, 'सील अखंड. मी स्वतः चाचपून पाहिलं.'

दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी टक्कल पडलेले एक गृहस्थ आले. त्याला कामावरून काढलं होतं. पुढचे बारा दिवस मला करमेना. तो मला आवडला होता, अगदी मनापासून, हे तेव्हा कळलं.

कोर्टात कंपनीच्या वकीलसाहेबांनी सील फोडल्याचा मुद्दा काढलाच. न्यायाधीशांनी वही मागवली, त्याची ओळ मोठ्याने वाचली.

"हा तुमचाच माणूस ना?"

साहेब खाली बसले. दोन दिवसांनी निकाल लागला, अधिकार आमच्याकडेच राहिला.

मी खोली उघडायला गेले, तर पॅसेजमध्ये तो उभा!

"आज कुठल्या पक्षाकडून?"

"कुठल्याच नाही. तुमच्या पक्षात घ्याल... कायमचं?"

"घेतलं," मी म्हटलं.

सील तोडून मी दार लोटलं. आतून गार हवा आली, जुन्या कागदांचा वास आला. टेबलापुढे, आमच्याकडे तोंड करून, दोन खुर्च्या होत्या. एकमेकींना खेटून.

"यादीत... एकच होती ना?"

"एकच." त्याने माझा हात धरला. दोघांचेही हात गार पडले होते.

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण इतके दिवस उभं राहून पायही दुखले होते.

आम्ही बसलो. दोन्ही खुर्च्या कोमट होत्या.